दुरुस्तीची लाज कुणाला?

नवी वस्तू घरी आली की आपण तिला हात लावत नाही. सोफ्याचं प्लास्टिक तसंच राहतं, टीव्हीचा रिमोट पिशवीत गुंडाळलेला राहतो, गाडीच्या सीटवरची पन्नी उन्हानं पिवळी पडली तरी निघत नाही. बिघडलीच वस्तू, तर कंपनीला फोन करायचा. मी मात्र घेतलेल्या नव्याकोऱ्या कॅम्पर ट्रेलरच्या टपावरच्या पट्ट्या उचकटल्या, वायरी ओढून काढल्या, बॅटरीची जागा बदलली. याचं डोकं फिरलंय, असं काहींना वाटलं. त्याचं मला काही नाही. पण त्या दिवसांत मला दोन वाक्यं ऐकवली गेली. हा लेख त्या दोन वाक्यांसाठी आहे.

पहिलं वाक्य नात्यातल्या एका ज्येष्ठांचं. ग्रीसनं काळे झालेले माझे हात बघून ते म्हणाले, "एवढं शिकून शेवटी मिस्त्रीच झालास काय रे? आपल्या लोकांनी यातून कधी बाहेर पडायचं?" दुसरं वाक्य ओळखीच्या एका सद्गृहस्थांचं. ते कौतुकानं, हसत म्हणाले, "सर, तुमच्या लोकांच्या हातातच असतं ते. रक्तातच असतं."

एक वाक्य घरातलं, एक बाहेरचं. एकात काळजी, दुसऱ्यात कौतुक. पण दोन्हींचा पाया एकच आहे. पहिल्याला दुरुस्ती हलकी वाटते, म्हणून आपण तिच्यातून बाहेर पडावं असं वाटतं. दुसऱ्यालाही ती हलकी वाटते, म्हणून ती आमच्याकडेच असावी असं वाटतं. दुरुस्ती हे ज्ञान आहे, ते शिकावं लागतं, त्यात चूक-बरोबर असतं, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. रक्तात असतं म्हटलं की शिकण्याचं श्रेय द्यायला नको. यातून बाहेर पडा म्हटलं की शिकवणाऱ्याचा मान ठेवायला नको.

आधी त्या ट्रेलरबद्दल सांगतो, म्हणजे ज्ञान कशाला म्हणतो ते कळेल. कॅम्पर ट्रेलर म्हणजे गाडीमागं ओढायची दोन चाकांची छोटी खोली. झोपायची जागा, मागच्या बाजूला ओटा, पाण्याची टाकी, बॅटरीवर चालणारा दिवा, पंखा आणि छोटा फ्रिज. शब्दाची गंमत अशी की हा 'कॅराव्हॅन'चा प्रकार, आणि कॅराव्हॅन म्हणजे आपला फारसीतला कारवाँच. तो युरोपात गेला, तिथं त्याचं तोंड अर्धं तोडून 'व्हॅन' झाली आणि आता दोन्ही शब्द इंग्रजी होऊन आपल्या दारात उभे आहेत. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. म्हणजे हौस सरकारमान्य आहे. प्रश्न आहे तो ही हौस चालू ठेवणाऱ्या हातांचा.

माझ्या ट्रेलरचं दुखणं तीन ठिकाणी होतं: पाणी, वायर आणि वजन.

पाणी सगळ्यात आधी आलं. कोल्हापूरचा जुलै, त्यात गगनबावड्याचा रस्ता. पहिल्याच मुक्कामात गादीची कड ओली. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथं मिळतात तिथं अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं मारलेली आणि वरून साधं सिलिकॉन फिरवलेलं होतं. पत्रा दिवसा उन्हात पसरतो, रात्री आकसतो. वरवर लावलेलं सिलिकॉन त्या हालचालीत सुटतं. मग पाणी स्क्रूच्या भोकातून थेट प्लायच्या कडेत उतरतं आणि प्लाय फुगतो. बनवणाऱ्याला फोन केला, तर उत्तर मिळालं, "पावसाळ्यात कशाला फिरता? ताडपत्री टाका." आणि वर, "पट्टी काढलीत तर वॉरंटी गेली."

कोल्हापूरच्या माणसाला पावसाळ्यात फिरू नका म्हणणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. मी पट्टी काढली. जुनं सिलिकॉन खरवडून पूर्ण साफ केलं, कारण जुन्या सिलिकॉनवर नवं काहीच नीट धरत नाही. पट्टीखाली ब्युटाइल टेप घातली. ती कडक होत नाही, पत्र्याबरोबर हलते. स्क्रू पुन्हा मारताना प्रत्येक भोकात सीलंट भरलं आणि वरच्या कडेला पॉलियुरेथेनचा थर दिला. मग थोरली मुलगी आत टॉर्च घेऊन बसली आणि मी बाहेरून पाइपनं पाणी मारलं, खालून सुरू करून हळूहळू वर. वरून एकदम पाणी ओतलं तर गळती कुठून सुरू झाली ते कळत नाही.

दुसरी वायर. फ्रिज रात्री आपोआप बंद पडायचा. बॅटरी भरलेली, फ्रिज चांगला, तरी बंद. बनवणाऱ्यानं बॅटरीपासून फ्रिजपर्यंत सहा मीटर लांब, दीड चौरस मिलिमीटरची वायर टाकली होती. घरातल्या २३० व्होल्टच्या दिव्याला ती पुरते. पण इथं व्होल्ट फक्त १२, आणि फ्रिज ओढणार ८ अँपिअर. जायचे सहा आणि यायचे सहा, अशा बारा मीटर तांब्यात सव्वा व्होल्टच्या आसपास गळून जातो. फ्रिजला वाटतं बॅटरी संपली, तो स्वतःला बंद करतो. चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली की तीच गळती अर्ध्या व्होल्टच्याही खाली येते. हे आठवी-नववीच्या पुस्तकातलं ओहमच्या नियमाचं गणित आहे. शिवाय बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. वायर कुठं घासून उघडी पडली असती तर लाकडी खोक्यात झोपलेल्या माणसांसह काय झालं असतं, हे त्या कारखान्यात कुणाला सुचलं नव्हतं. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. तो मी बसवला.

तिसरं वजन, आणि हे सगळ्यात धोक्याचं. हायवेला साठचा वेग गाठला की ट्रेलर शेपूट हलवल्यासारखा डावी-उजवीकडं झुलायचा. आमच्या भागातल्या एका उस्तादांकडं नेला. ते शाळा लवकर सोडलेले. ट्रेलरभोवती एक फेरी मारली, पुढचं तोंड हातानं उचलून बघितलं आणि म्हणाले, "सर, ह्याचं नाक हलकं हाय. मागं वजन लई टाकलंय."

घरी येऊन मी वजनाचा काटा नाकाखाली ठेवला. भरलेला ट्रेलर सहाशे किलोचा, नाकावर फक्त २२ किलो. या विषयावरची पुस्तकं सांगतात की एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार नाकावर हवा. म्हणजे साठ किलो. ओटा मागं, टाकी मागं आणि तीस किलोची बॅटरीही मागं. मग नाक हलकं होणारच. बॅटरी चाकांच्या मागून काढून पुढच्या पेटीत घेतली, गाडीच्या हूकची मर्यादा तपासली आणि काटा ५६ वर गेला. झुलणं थांबलं.

आता सांगा, ज्ञान कुणाकडं होतं? ट्रेलर विकणाऱ्याकडं रंगीत माहितीपत्रक होतं. उस्तादांकडं हात होता. पुस्तकात जे टक्क्यांत लिहिलंय ते त्यांच्या हाताला उचलल्याबरोबर कळलं. मी फक्त त्यांच्या वाक्याला आकडा जोडला.

हे कोल्हापुरात सांगावं लागतं, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. ज्या गावात शिवाजी उद्यमनगर आहे, जिथल्या फाउंड्रीतलं कास्टिंग देशभरच्या गाड्यांत बसतं, त्या गावाचा औद्योगिक इतिहास म्हादबा मेस्त्रींचं नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाही. नावातच मेस्त्री. मराठी सिनेमाचा पाया घालणारे बाबूराव पेंटर, त्यांचंही आडनाव मेस्त्री. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता, तेव्हा त्यांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवला आणि पुढं १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यांना आपण 'कलामहर्षी' म्हणतो आणि योग्यच म्हणतो. मग तीच यंत्र उघडून बघण्याची, जुळवण्याची, चालू करण्याची वृत्ती एखाद्या टपरीत टायर उघडून बसलेल्या पोराकडं दिसली, की आपल्या जिभेवर वेगळा शब्द का येतो?

तो शब्द तुम्हाला माहीत आहे: पंक्चरवाला. समाजमाध्यमांवर मुसलमानाला गप्प करायचं असेल तर एवढा एक शब्द पुरतो. एप्रिल २०२५ मध्ये हिसारच्या सभेत पंतप्रधानांनीही, वक्फच्या मालमत्तेचा प्रामाणिक वापर झाला असता तर मुसलमान तरुणांना सायकलची पंक्चर काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं, अशा अर्थाचं विधान केलं. वक्फच्या मिळकतींचं काय झालं, कुणी कशा बळकावल्या, हा खरा प्रश्न आहे आणि त्यात आपल्यातल्याच अनेकांची नावं निघतील. तो वेगळ्या लेखाचा विषय. मला इथं फक्त माप दिसतं. एखाद्या समाजाची दुर्दशा मोजायची तर पंक्चर हे माप. ते माप विरोधकांनी वापरलं, समर्थकांनी वापरलं, आणि आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनीही वापरलं.

पंक्चर काढण्यात वाईट काय आहे, याची यादी मी देतो. दिवसाची कमाई बेभरवशाची. अपघात झाला तर विमा नाही. कर्ज मागायला गेलं तर दाखवायला कागद नाही. शाळेत असायला हवा तो पोऱ्या तिथं 'छोटू' होऊन बसलेला. या यादीतली एकही गोष्ट पंक्चर काढण्याच्या कामात नाही, ती सगळी त्या कामाभोवतीच्या व्यवस्थेत आहे. सच्चर समितीनं २००६ मध्ये नोंदवलं होतं की मुसलमान कामगारांत नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांहून जास्त आहे. तो आकडा वाचून आपण नोकऱ्या मागितल्या, तेही बरोबरच. पण त्या धंद्यांना कागद, विमा आणि मान द्या, अशी मागणी त्या जोरानं केली नाही.

आणि आपली आडनावं बघा. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. पिंजारी, नदाफ म्हणजे जुन्या गादीचा कापूस पिंजून ती पुन्हा नवी करणारे. कलईवाले म्हणजे भांड्याला दुसरं आयुष्य देणारे. मराठी मुसलमानांच्या निम्म्या आडनावांत दुरुस्ती आहे. ती गावगाड्यात होती तेव्हा तिला बलुत्याचा, आलुत्याचा का होईना, हिशोब होता. आज ती शहरात आली आणि हिशोबाबाहेर गेली.

आमच्या ज्येष्ठांची बाजूही नीट मांडायला हवी. ते चुकीच्या भीतीपोटी बोलत नाहीत. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांनी पुस्तकाच्या बळावर गरिबीतून पाय बाहेर काढला. त्या पिढीला हातोडी म्हणजे पुन्हा मागं जाणं वाटतं. पण पुस्तक की पाना, ही निवडच खोटी आहे. सव्वा व्होल्टची गळती ओहमचा नियम माहीत नसता तर मला सापडली नसती, आणि पाना हातात धरता आला नसता तर ती सापडून उपयोग नव्हता. शाळा सोडून गॅरेजात जाणाऱ्या पोराबद्दल मी बोलत नाहीये. शाळेत राहून पाना धरणाऱ्या पोराबद्दल, आणि पोरीबद्दलही, बोलतोय.

आता कायद्याकडं वळतो. तुम्ही म्हणाल, गाडीत असे फेरफार करणं बेकायदा नाही का? प्रश्न रास्त आहे. ट्रेलरला इंजिन नसतं, तरी मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही 'मोटार वाहन'च आहे. त्या कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

हा कायदा मूर्खपणाचा आहे असं मी म्हणणार नाही. चासी लांबवलेले ट्रक, कानठळ्या बसवणारे सायलेन्सर, समोरच्याला आंधळं करणारे दिवे आपण रोज बघतो. त्यावर लगाम हवाच. पण गळकी पट्टी नीट बसवणं, पातळ वायर काढून जाड टाकणं, नसलेला फ्यूज लावणं हा बदल नव्हे, ती दुरुस्ती आहे. लांबी-रुंदी, आस, वजनाची नोंद, रंग, काहीच त्यात बदलत नाही. तरी 'हात लावला तर वॉरंटी गेली' ही धमकी विकणारे अशा सुरात देतात, जणू कायदाच त्यांच्या बाजूनं उभा आहे. ग्राहकाला कायद्याची भीती आणि कंपनीची धमकी यांतला फरक कळू नये, यात कुणाचा फायदा आहे ते उघड आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागानं 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली, पोर्टलही काढलं. कायदा मात्र अजून झालेला नाही.

आणि कायद्याची नजर कुठं जाते, तेही बघा. दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यात खरे कॅम्पर ट्रेलर येतात. बीडकडून, मराठवाड्यातून. ट्रॅक्टरमागं ट्रॉल्या, त्यांत कोपीचे बांबू, ताडपत्री, चूल, शेळ्या, म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं. ते हौसेनं फिरत नाहीत, आपल्या साखरेसाठी येतात. पुढं तीच वाहनं ऊस भरून रात्री रस्त्यावर असतात, कित्येकदा मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. मोटारसायकलवाले त्यावर आदळून मरतात. पर्यटकांच्या कॅराव्हॅनला धोरण आहे. या कारवाँला साधा मागचा दिवा चालू करून देणारी सोय हंगामाच्या आधी गावोगावी का नसावी? दोन वायरी आणि एक बल्ब, एवढंच काम असतं. ते करणारे उस्ताद गावोगावी आहेत. त्यांना बोलावणारं कुणी नाही.

इथं दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही उत्तर द्यायला हवं. 'जुगाड' म्हणून टाळ्या वाजवणारे. भारतीय माणूस तारेनं काहीही बांधतो, असं कौतुक करणारे व्हिडिओ मला पंक्चरच्या टोमण्याइतकेच त्रासदायक वाटतात. जुगाड म्हणजे दुरुस्ती नव्हे. उस्तादांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती कशाला हात लावायचा नाही ही. आस, ब्रेक, हूकचं वेल्डिंग आणि गॅसची नळी. वेल्डिंगचा जोड वरून चकचकीत दिसला तरी आत धरलाय की नाही हे नवशिक्याला कळत नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली, बाहेर उघडणारं भोक हवं. वर केलेल्या जाळीचा उपयोग नाही. ही चार कामं जाणत्या माणसाकडूनच करून घ्यायची. चाकाच्या नटा मात्र नव्या ट्रेलरला पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत स्वतः पुन्हा आवळायच्या. कुठं थांबायचं हे ज्याला माहीत असतं, तोच कारागीर.

मग मागणी काय? सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रानं पीएम विश्वकर्मा योजना आणली. १८ व्यवसाय. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, शिंपी, कुलपं बनवणारे. चांगली यादी आहे. त्यात मोटार मिस्त्री नाही, वायरमन नाही, टायरवाला नाही. जणू परंपरा बैलगाडीपाशी थांबली. तीन पिढ्या गॅरेज चालवणारं घर पारंपरिक कारागीर ठरत नसेल, तर परंपरेला किती पिढ्या लागतात? अनुभवातून शिकलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे. ती आपल्या मोहल्ल्यातल्या उस्तादांपर्यंत नेणं हे काम आपल्या जमातींच्या संस्था करू शकतात. जलशाला मांडव घालता येतो, तर परीक्षेचा फॉर्म भरून घ्यायला एक टेबल टाकता येईलच. आणि प्रत्येक ट्रेलर, प्रत्येक गाडी विकताना वायरिंगचा नकाशा आणि भागांची यादी ग्राहकाच्या हातात मिळाली पाहिजे. हा उपकार नव्हे, विकत घेतलेल्या वस्तूचाच तो भाग आहे.

आपल्या समाजाला एकच सांगणं आहे. लग्नाच्या बायोडाटात 'गॅरेज' लिहायची लाज वाटते म्हणून 'ऑटोमोबाइल बिझनेस' लिहिणं बंद करा. मुलगा मिस्त्री असेल तर मिस्त्री लिहा, कोणत्या उस्तादाकडं शिकला तेही लिहा. आणि 'तुमच्या रक्तातच असतं' म्हणणाऱ्या मित्रांना सांगा, रक्तात काही नसतं. बारा वर्षं लागतात, बोटं कापतात, चटके बसतात, मग नाक हलकं आहे हे हाताला कळतं. तुमच्या मुलालाही पाठवा. आमचे उस्ताद जात विचारत नाहीत, फक्त वेळेवर ये म्हणतात.